साडूंची बारा देते

गाडी घेतलेल्या माणसाला तिचा रंग कुणी विचारत नाही, ब्रेक धड आहेत का हेही कुणी विचारत नाही. दुभत्या जनावराची चौकशी करावी तसं सगळे एकच विचारतात, "किती देते?" म्हणजे लिटरभर डिझेलमध्ये किती किलोमीटर जाते. या प्रश्नाचं खरं उत्तर सहसा कुणी देत नाही. सात देणारी गाडी मालकाच्या तोंडी नऊ देते, नऊ देणारी अकरा. हे सर्वांना ठाऊक असतं, म्हणून ऐकणारा मनातल्या मनात दोन वजा करतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

फूटपट्टीला ही वजाबाकी जमत नव्हती. माप म्हणजे माप, यावर त्याचं पोट होतं. कपाटं करणारा सुतार तो. कानामागे पेन्सिल, खिशात टेप, आणि उंची पाच फूट तीन इंच, म्हणून कारखान्यातल्या टवाळांनी त्याचं बारसं केलं, ते नाव घरापर्यंत आलं. त्याची बायको त्याच्यापेक्षा चार इंचांनी उंच होती. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला खुर्चीवर बसवून त्याला मागे उभं केलं होतं. आलेला प्रत्येक पाहुणा तो फोटो बघून गालातल्या गालात हसायचा. फूटपट्टीने त्याची सवय करून घेतली होती, असं तो म्हणायचा.

ही बायको चपला-बुटांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी बसायचं, टाचा मापायच्या, नाड्या बांधायच्या, उठून मागच्या पोटमाळ्यावर खोकी शोधायची. पोटमाळा बुटका. घरी यावं तर राहायची जागा उतरत्या छपराखालची, ओट्याशी उभं राहिलं की तुळई कपाळासमोर. "दुकानात वाका, घरी वाका," ती म्हणायची. "एखादी जागा अशी हवी, जिथे मी माझ्या उंचीची असेन."

म्हणून फूटपट्टीने कॅम्पर बांधला. जुनी पिकअप होतीच. तिच्या हौद्यावर चढवायची लाकडी खोली, आत पलंग, शेगडी, दोन कप्पे, एक आरसा. सुट्टी आली की खोली चढवायची आणि निघायचं. बांधायला घेण्याआधी त्याने बायकोला कार्यशाळेच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिलने रेघ मारली आणि वर तीन इंच सोडले, अंबाड्यासाठी. "अंबाड्याचंही माप घेतलंत?" ती हसत म्हणाली. छत बरोबर पाच फूट दहा इंचांवर बसलं. पहिल्या दिवशी ती आत गेली, ताठ उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नुसतीच उभी राहिली. बराच वेळ बाहेर आली नाही. फूटपट्टीला त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला होता.

कॅम्पर चढवल्यावर गाडी आठ देऊ लागली. पूर्वी अकरा द्यायची. तीन गेले, पण त्याने मनाला लावून घेतलं नाही. एवढी खोली पाठीवर घेऊन कुणीही धापा टाकेल.

आणि मग साडूने पिकअप घेतली.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाण्याच्या यंत्रांचा विक्रेता, उंचापुरा, फोटोत बायकोच्या शेजारी उभा राहू शकणारा. गाडी परदेशी बनावटीची, कोरी, समोर चकचकीत पडदा, आणि तिच्यावर विकतचा कॅम्पर. त्याचं छत धावताना दुमडून खाली बसायचं आणि मुक्कामाला पोचलं की कापडी भिंतींसकट वर उचललं जायचं. डिझेल कंपनीचं, त्यामुळे लिटर मोजायची साडूला गरज नव्हती. तो नुसता पडद्याकडे बघायचा. फूटपट्टीच्या अंगणात उभा राहून, किल्ली बोटावर फिरवत त्याने सांगून टाकलं, "बारा देते, साडूभाऊ."

"कॅम्पर चढवून?"

"चढवून! पडद्यावर आकडा येतो ना. मी कशाला खोटं बोलू?"

फूटपट्टीने जगरहाटीप्रमाणे दोन वजा करायचा प्रयत्न केला. दहा उरले. तरी आपल्यापेक्षा दोन जास्तच.

"आणि गंमत सांगू?" साडू म्हणाला, "रिकामी असली की दहावर येते. लोड टाकला की बारा. घाटात तर पंधरा! गाडी ताकदीची असली ना, की कामाला लावल्यावर खुलते."

हे ऐकून शहाण्या माणसाने भुवई उंचावली असती. पण पोटात दुखायला लागलेल्या माणसाला भुवया सुचत नाहीत. त्याला फक्त पंधरा ऐकू आलं. त्याची गाडी घाटात पाचावर यायची आणि याची पंधरावर चढते! साडूला जन्मतःच चढावर जास्त मिळतं, असं त्याला वाटलं. उंची मिळाली, हुद्दा मिळाला, आता डोंगरही त्याच्याच बाजूने.

तरीही हे पोटदुखीवर भागलं असतं. पण त्याच संध्याकाळी जेवताना बायको सहज म्हणाली, "भाऊजींची बारा देते म्हणे."

या 'म्हणे'ने घात केला. ती ते वाक्य विसरून वाढायला लागली, पण फूटपट्टीने हातातला घास ताटात ठेवला. हिने कौतुक केलं. आपल्या गाडीत बसून, आपण बांधलेल्या खोलीत उभी राहून, हिने त्याच्या गाडीचं कौतुक केलं. तो बायकोवर किंवा साडूवर संशय घेत नव्हता, तेवढा वेडा नव्हता तो. त्याला फक्त तिच्या तोंडून 'आमची बारा देते' हे ऐकायचं होतं. एकदाच. आणि साडूच्या गाडीत पाऊल म्हणून ठेवायचं नाही, हेही त्याने त्याच ताटावर ठरवलं. एका शेंडेफळ मुलाने रुसावं तसं. या रुसव्याने त्याचं पुढे किती नुकसान केलं ते कळेलच.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडीच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. टायरमध्ये हवा वाढवली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर टिपायचे, पुन्हा काठोकाठ भरायची, भागाकार करायचा. आठ. साठच्या वर जायचं नाही. आठ पूर्णांक एक. मागे ट्रकवाले भोंगे वाजवून शिव्या घालायचे, तो स्टिअरिंग धरून आकडे मोजायचा.

मग वजन. पाण्याची मोठी टाकी निघाली, छोटी आली. लोखंडी शेगडी गेली. कप्प्यांची दारं गेली. एका रविवारी आरसाही निघाला.

"आरसा कशाला?" बायकोने विचारलं.

"काचेचं वजन फार असतं."

"अहो, हातभर आरसा आहे तो."

"हातभर तर हातभर."

 आरसा नेऊन तिने घरात खिळ्याला टांगला. आठवड्याभराने त्याने पलंगाच्या फळ्या पातळ केल्या, तेव्हा मात्र ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आता मीच उरले. मलाही उतरवून टाका, नऊ देईल."

फूटपट्टी हसला. मग ती गेल्यावर त्याने खरोखरच तिचं वजन धरून हिशेब केला. कबूल करायला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण केला. फार फरक पडत नव्हता.

फरक कशाने पडतो ते त्याला एका वाऱ्याच्या दिवशी कळलं. समोरून वारा होता आणि गाडी पुढे सरकता सरकत नव्हती. कॅम्परचा पुढचा भाग टपाच्या वर भिंतीसारखा उभा, सगळा वारा छातीवर घेतोय. साडूचं छत धावताना दुमडलेलं असतं, हे त्याच्या डोक्यात लख्खकन आलं. वजन नव्हे, उंची! उंचीच आड येतेय. आयुष्यभर आपल्या कमी उंचीचा राग केलेल्या माणसाला, दुसऱ्या कशाची तरी उंची जास्त झाली हे सापडल्यावर जो आनंद होतो, तो त्याला झाला.

दुकानात सवलतीचे दिवस होते, बायको सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. त्याने तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली नसती, हेही त्याला माहीत होतं, आणि तेच नको होतं. चार दिवसांत त्याने छत उतरवलं, चारही भिंती वरून सहा इंच कापल्या, छत पुन्हा बसवलं, पुढच्या भिंतीला उतार दिला. काम अप्रतिम झालं, सांधा कुठे दिसेना. आत जाऊन तो उभा राहिला. डोक्यावर एक इंच मोकळा. त्याला कुठेच काही लागलं नाही.

बायको आली, चप्पल काढून आत चढली आणि टण्णकन आवाज झाला.  मग ती मान वाकडी करून दाराशी आली. कपाळावर लाल वळ उठला होता.

"सुरेख झालंय," ती म्हणाली. "सांधा दिसत नाही कुठे."

फूटपट्टीला ती शाबासकी वाटली. साडेआठ दिले गाडीने त्यानंतर.

सुट्टी लागली तशी दोन्ही जोडपी डोंगरापलीकडच्या तळ्यावर निघाली. पुढे साडूची गाडी, मागे फूटपट्टीची. पहिल्या मुक्कामाला साडूने कळ दाबली आणि त्याचं छत सुरसुर करत वर गेलं. थोरली बहीण आत ताठ उभी राहून केस विंचरत होती, उजेडात तिची सावली कापडी भिंतीवर लांबलचक दिसत होती. धाकटी बाहेर दगडावर बसली होती. तिने तिथेच भाजी चिरली, तिथेच जेवली, तिथेच केस विंचरले, पिकअपच्या बाजूच्या आरशात वाकून बघत.

"आत ये ना गं," थोरली म्हणाली.

"बाहेर बरं वाटतं, ताई."

फूटपट्टी तिकडे बघत नव्हता. तो साडूच्या चाकांकडे बघत होता.

"आज किती दिली हो, साडूभाऊ?"

"बारा पॉइंट दोन! तुमची?"

"साडेआठ."

"अरेरे," साडू म्हणाला, आणि ते खरोखरच कळवळून म्हणाला. त्यामुळे तर फूटपट्टीच्या अंगाचा तिळपापड झाला. साडूने छद्मीपणाने म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण कीव! सहा इंच कापून, आरसा काढून, भोंगे खाऊन मिळवलेल्या अर्ध्या किलोमीटरवर याने 'अरेरे' म्हणावं!

तिसऱ्या दिवशी सकाळी साडू आपल्या उंच खोलीतून ऐटीत उतरायला गेला, पायरी चुकली आणि उजवा घोटा मुरगळला. बघता बघता पाय सुजला. पुढे घाट होता. थोरलीला गाडी येत नव्हती. शेवटी ठरलं की फूटपट्टीने साडूची गाडी चालवायची आणि त्याच्या बायकोने स्वतःची, शेजारी थोरली.

म्हणजे साडूच्या गाडीत पाऊल ठेवायचं नाही हा पण मोडला. नाइलाज होता. सीट पुढे ओढून घेताना साडू म्हणाला, "अजून थोडी घ्या, अजून थोडी," आणि फूटपट्टीने दात आवळले.

समोर पडदा होता. त्यावर मोठा हिरवा आकडा. सपाटीला बारा. फूटपट्टीची नजर त्याच्यावरून हलेना. हाच तो आकडा, ज्याने वर्षभर त्याची झोप खाल्ली. घाट सुरू झाला, गाडी घरघरू लागली, पाय आणखी दाबला, आणि आकडा चढला. चौदा. सोळा.

"बघा, बघा!" साडू म्हणाला. "खुलली की नाही?"

अठरा. पुढच्या वळणाला चढ आणखी उभा झाला, पलीकडून एक लादलेला ट्रक आला म्हणून थांबावं लागलं. गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी राहिली, मग पहिल्या गिअरमध्ये कण्हत निघाली. एकवीस.

फूटपट्टी कपाटं करणारा असला तरी गाढव नव्हता. गाडी रांगते आहे, इंजिन ऊर फुटेस्तोवर ओढतंय, आणि देते एकवीस? माथा ओलांडून उतार लागला. त्याने पाय काढून घेतला. गाडी आपसूक धावू लागली, आणि आकडा घसरला. नऊ. चार. एक.

"उताराला आळस करते जरा," साडूने खुलासा केला.

फूटपट्टी पडद्याजवळ वाकला. आकड्याखाली मुंगीएवढी अक्षरं होती. साडू वाचायचा चष्मा घालत नसे, त्याने म्हातारपण दिसतं म्हणून. अक्षरं होती: लिटर, मग तिरकी रेघ, मग शंभर किलोमीटर.

लिटरला किती किलोमीटर हे नव्हतंच ते. शंभर किलोमीटरला किती लिटर, हे होतं. जेवढा आकडा मोठा तेवढी गाडी जास्त पिणारी. साडू वर्षभर, येईल त्याला, आपल्या गाडीच्या अधाशीपणाची जाहिरात करत फिरत होता, आणि फूटपट्टी वर्षभर त्या अधाशीपणाचा हेवा करत होता.

त्याला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात दडवलं. साडूला काही सांगितलं नाही. मापाशिवाय बोलायचं नाही, ही त्याची जुनी सवय. घाटाच्या पायथ्याला पंप लागला तशी त्याने गाडी आत घेतली. निघताना दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या, हे त्याला पक्कं माहीत होतं, त्यानेच आग्रह धरला होता. पंपावरच्या बाईंना त्याने पुन्हा काठोकाठ भरायला सांगितलं. चारशे दहा किलोमीटर झाले होते. साडूच्या गाडीने बरोबर पन्नास लिटर घेतलं. मागून आलेल्या आपल्या गाडीत त्याने स्वतः उभं राहून भरलं. अठ्ठेचाळीस.

कानामागची पेन्सिल काढून त्याने तळहातावर भागाकार केला. साडूची आठ पूर्णांक दोन. आपली साडेआठ.

जिंकलो! डोंगराला न जुमानता, परदेशी बनावटीला मागे टाकून, दुमडणाऱ्या छताच्या नाकावर टिच्चून! त्याला ओरडावंसं वाटलं, साडूला गदगदा हलवून सांगावंसं वाटलं. पण आधी तिला. ते 'म्हणे' जिच्या तोंडून आलं होतं तिला आधी. तो जवळजवळ पळतच गाडीच्या मागे गेला.

ती कॅम्परच्या दारात, पायरीवर पाय ठेवून चहा घेत होती. थोरली हातपाय धुवायला गेली होती.

"अगं, आठ!" त्याने तळहात तिच्यासमोर धरला. "भाऊजींची बारा नाहीच देत. आठ देते! आठ पॉइंट दोन. ते पडद्यावरचं माप उलटं आहे, त्यांनी खालची अक्षरं वाचलीच नाहीत कधी. आपली साडेआठ! आपली त्यांच्यापेक्षा जास्त देते!"

तिने तळहाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिला आनंद व्हावा म्हणून तो वाट बघत होता.

"आणि आपली उंच होती तेव्हा किती द्यायची?" तिने विचारलं.

"तेव्हा? तेव्हा आठ."

"म्हणजे अर्ध्याचा फरक."

"हो, पण..."

"आमच्या दुकानात अर्ध्या नंबराचा फरक पुष्कळ येतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलत होती. "बूट अर्धा नंबर इकडेतिकडे झाला, तर आम्ही आत तळवा घालून देतो. नाहीतर जाड मोजे घाला म्हणतो. पाय नाही हो कापत कुणाचा."

तिने उरलेला चहा मातीत ओतला.

फूटपट्टीचा तळहात तसाच पुढे राहिला. त्यावरचे आकडे घामाने पुसट होत होते. कार्यशाळेच्या भिंतीवरची रेघ त्याला आठवली, आणि वर सोडलेले तीन इंच, अंबाड्याचे. चार दिवस करवत चालवताना ती रेघ त्याच्या पाठीमागेच होती. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. साडूचं काय चुकलं? त्याला खालची अक्षरं दिसली नाहीत एवढंच. आपल्याला तर चष्मा लागत नाही.

"घरी गेल्यावर मी..." तो म्हणाला.

"कप ठेवून येते," ती म्हणाली आणि आत गेली.

"साडूभाऊ!" पलीकडून साडूने खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली. सुजलेला पाय समोर फळीवर टाकला होता, चेहऱ्यावर तोच निरागस थाट. "मोजलंत ना? घाटात किती दिली?"

आतून टण्णकन आवाज आला. फूटपट्टीचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला आणि तिथे एक इंच वर, हवेत, थांबला.

"अठरा," तो म्हणाला. "एकदा तर एकवीस दिली."

"मी म्हटलं नव्हतं?" साडू खूश होऊन म्हणाला. "आणि तुमची?"

फूटपट्टीने तळहात विजारीला पुसला.

"आमची आठच देते," तो म्हणाला, आणि तिच्या कपाळावर ठेवायला रुमाल पाण्याने ओला करून, वाकून आत गेला.